ब्लॉक करण्याआधीची पंधरा मिनिटे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की महाविद्यालयांत एक ठरावीक तक्रार येऊ लागते. अनोळखी नंबरवरून ‘हाय’, मग ‘आज निळा कुर्ता छान दिसत होता’, उत्तर आले नाही म्हणून शिवी, दुसऱ्या नंबरवरून माफी, आणि पंधरवड्यात मुलीच्याच नावाने आणि फोटोने उघडलेले इन्स्टाग्राम अकाउंट. त्यावरून वर्गातल्या मुलांना गेलेले मेसेज तिला सर्वांत शेवटी कळतात. मैत्रीण, आई, वर्गशिक्षक, क्वचित ठाण्यातले पोलीसही ऐकून घेतात आणि एकच सांगतात : ब्लॉक कर, सगळे डिलीट कर आणि अभ्यासाला लाग. हे पत्र मुख्यतः या सल्ल्याबद्दल आहे. पत्र लांबले आहे, पण तपशील गाळले तर त्याचा उपयोग उरणार नाही.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मात्र त्याने होते असे की पाठलाग करणारा तसाच राहतो आणि पुरावा जातो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला पाठवणाऱ्याला सुमारे अडीच दिवस मिळतात. इन्स्टाग्रामवर मेसेज मागे घेता येतो आणि तो दोन्ही बाजूंनी जातो. स्टोरी २४ तासांत संपते. स्नॅपचॅटवरचा मजकूर बहुधा वाचल्यावरच नाहीसा होतो. म्हणजे पुसायचे खोडरबर आधीच त्याच्या हातात आहे, आणि उरलेले आपण आपल्या हाताने पुसतो. व्हॉट्सॲपवर एखाद्याला ‘रिपोर्ट’ करताना ब्लॉक करून चॅटही काढून टाकण्याची चौकट समोर येते. घाईत त्या चौकटीवरची खूण तशीच राहिली की महिनाभराचे संभाषण एका टिचकीत जाते. व्हॉट्सॲपकडे पोहोचतात ते फक्त शेवटचे पाच मेसेज.

म्हणून क्रम असा हवा : आधी नोंद, मग तक्रार, मग ब्लॉक. नोंदीला पंधरा-वीस मिनिटे लागतात, पण ती नीट केली पाहिजे. नुसता मेसेजच्या फुग्याचा स्क्रीनशॉट फारसा कामाचा नसतो. त्यात वर सेव्ह केलेले नाव दिसते, नंबर दिसत नाही, आणि ‘आज’ असे लिहिलेले असते, तारीख नसते. व्हॉट्सॲपवर त्या व्यक्तीच्या माहितीच्या पानावर जाऊन पूर्ण नंबर, डीपी आणि ‘अबाउट’मधला मजकूर एका चित्रात घ्यावा. मेसेजवर बोट दाबून ‘इन्फो’ उघडले की आपण पाठवलेल्या मेसेजची पोहोचल्याची आणि वाचल्याची वेळ मिळते, ती वेगळी घ्यावी. इन्स्टाग्रामवर दिसणारे नाव आणि वरचे हँडल यांत गल्लत होते. हँडल तो बदलू शकतो. म्हणून प्रोफाइलच्या तीन टिंबांतून प्रोफाइलची लिंक कॉपी करावी, तिथेच ‘अबाउट धिस अकाउंट’ उघडत असेल तर अकाउंट कोणत्या महिन्यात उघडले आणि नाव किती वेळा बदलले हे दिसते, त्याचेही चित्र घ्यावे. पोस्ट असेल तर प्रोफाइलच्या लिंकखेरीज त्या पोस्टची स्वतंत्र लिंक लागते. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला सूचना जाते. तिथे दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढणे बरे.

यानंतर एक सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करावे. फोनच्या घड्याळापासून सुरुवात, ॲप उघडणे, प्रोफाइल, तिथून चॅट, आणि अगदी पहिल्या मेसेजपासून शेवटपर्यंत सावकाश सरकवत नेणे. तुकड्यातुकड्याच्या स्क्रीनशॉटवर ‘मधले मेसेज काढून टाकले आहेत’ असा आक्षेप हमखास येतो, आणि सलग चित्रणाने त्यातली बरीच हवा जाते. व्हॉट्सॲपचे ‘एक्स्पोर्ट चॅट’ जरूर करावे, पण त्यातून निघणारी साधी मजकूर फाइल कोणीही बदलू शकतो, तेव्हा तिच्या एकटीवर भिस्त ठेवू नये. इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमधून आपली सर्व माहिती मागवता येते आणि त्यात मेसेज तारीखवेळेसह येतात. ती यायला वेळ लागू शकतो आणि आल्यावर लिंक चारच दिवस चालते, हे लक्षात ठेवावे.

सगळ्यांत कंटाळवाणे आणि सगळ्यांत उपयोगी काम म्हणजे वही. साधी शंभर पानी चालते. रकाने इतकेच : क्रमांक, तारीख, वेळ, ॲप, नंबर किंवा हँडल, लिंक, काय आले, स्क्रीनशॉटच्या फाइलचे नाव, आणि शेवटचा रकाना ‘ही माहिती कोणाकोणाला असू शकते’. पाठलाग करणारा बहुतेक वेळा आपणहून काहीतरी बोलून जातो. प्रॅक्टिकलची बॅच, मेसमधला पदार्थ, गावाला जायची एसटी असे काहीही. अनोळखी नंबरला तुकडीची बॅच माहीत असेल तर तो नंबर तितकासा अनोळखी नाही. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की या शेवटच्या रकान्यात तीच दोन-तीन नावे परत परत येऊ लागतात. तरीही तो रकाना पोलिसांना दाखवण्यासाठी आहे, हॉस्टेलच्या मुलांना घेऊन कोणाच्या खोलीवर जाण्यासाठी नाही. फेक अकाउंटवर ज्याचा फोटो असतो तो पुष्कळदा दुसरा बळी असतो, आणि त्यालाच मार बसतो.

वेळ मिनिटापर्यंत, जमल्यास सेकंदापर्यंत लिहा असा आमचा आग्रह का, तेही सांगतो. मोबाइल इंटरनेटवर एकच सार्वजनिक आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहक वापरत असतात. त्यातला नेमका ग्राहक शोधायला पोलिसांना आयपी पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरच्या प्रत्येक जोडणीला मिळणारा आकडा) आणि अचूक वेळ लागते. ‘दुपारी तीनच्या सुमारास’ एवढ्यावर मोबाइल कंपनीकडून उपयोगाचे काही येत नाही. शिवाय परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपल्याहून साडेपाच तास मागे. हा फरक न धरता पत्र गेले तर भलत्याच माणसाचे नाव येऊ शकते. तक्रारीत प्रत्येक वेळेपुढे ‘भारतीय वेळ’ असे स्पष्ट लिहावे.

आता नकाराबद्दल. भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ (१ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे ३५४-ड होते, ते २०१३ च्या दुरुस्तीने आले) पाठलागाचे दोन प्रकार सांगते. एक, स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवूनही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे. दोन, तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणे. दुसऱ्या प्रकाराला नकार दिलेला असण्याची अट नाही. पहिल्याला आहे, आणि प्रकरणे इथे लंगडी पडतात. मुली सौजन्याने ‘मी बिझी आहे’, ‘नंतर बोलू’, ‘घरचे ओरडतात’ असे लिहितात. बचावाचा वकील तेच वाचून दाखवतो. म्हणून एकदाच, एका वाक्यात लिहावे : ‘मला तुझ्याशी कोणताही संपर्क नको आहे. यापुढे मेसेज किंवा फोन करू नकोस.’ कारण नाही, सॉरी नाही, स्मायली नाही, शिवीही नाही. त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर देऊ नये. चाळीस मेसेजनंतर वैतागून दिलेले एक उत्तर त्याला शिकवते की चाळीस पाठवले की उत्तर मिळते. समोरचा मारण्याची किंवा ॲसिडची भाषा करत असेल तर मात्र हा मेसेजही आधी पाठवू नये. आधी घरी सांगावे आणि पोलिसांकडे जावे. प्रसंग तातडीचा असेल तर ११२.

तक्रार होईपर्यंत मेसेज येत राहू द्यावेत आणि चॅट म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकावे. इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ केले की त्याचे मेसेज विनंत्यांच्या खणात जातात आणि आपण ते वाचले की नाही हे त्याला कळत नाही. वाचायचे काम विश्वासातल्या एका मैत्रिणीने किंवा भावाने करावे, दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर जे हाती आहे तेवढे जपून खुशाल ब्लॉक करावे. पुराव्यासाठी कोणी सोसत बसावे अशी कायद्याचीही अपेक्षा नाही. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

सगळीकडून ब्लॉक झाल्यावर यूपीआयने एक रुपया पाठवून त्याच्या नोटमध्ये मजकूर लिहिणारेही आहेत. तो रुपया परत पाठवू नये. त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक टिपून ठेवावा, कारण त्यामागे केवायसी झालेले बँक खाते असते. इन्स्टाग्रामचे शंभर स्क्रीनशॉट एकीकडे आणि हा एक रुपया एकीकडे, इतका तो मोलाचा आहे.

पाठलाग करणारा ओळखीचा असेल, विशेषतः मोडलेल्या नात्यातला, तर वेगळीच तपासणी लागते. त्याला मेसेज करायची गरजच नसते, तो आतूनच वाचत असतो. कँटीनमध्ये मिनिटभर फोन मागून घेतला आणि क्यूआर कोड दाखवला की व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपवर जोडले जाते. मुलीचा फोन बंद असला तरी ते चालते, आणि मुख्य फोन चौदा दिवस वापरलाच नाही तरच तुटते. सेटिंग्जमधले ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. ओळखीचे नसलेले यंत्र दिसले तर काढण्यापूर्वी त्या यादीचा फोटो घ्या, त्यात यंत्राचा प्रकार आणि शेवटची वापराची वेळ असते. मग दोन टप्प्यांचा सहा आकडी पिन लावा. गूगल खात्यात चार जागा पाहायच्या : जोडलेली यंत्रे, रिकव्हरीसाठी दिलेला नंबर आणि ईमेल (खाते त्याने उघडून दिले असेल तर तिथे त्याचाच नंबर निघतो), जीमेलमधले फॉरवर्डिंग, आणि गूगल मॅप्समधले लोकेशन शेअरिंग, जे ‘बंद करेपर्यंत’ या पर्यायावर वर्षानुवर्षे चालू राहते. स्नॅपचॅटच्या नकाशावर घोस्ट मोड लावावा. आयफोनवर आयओएस १६ पासून ‘सेफ्टी चेक’ आहे, कोणाशी काय वाटले जाते हे त्यात एका जागी दिसते.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, विश्वासाच्या यंत्रावरून. ज्या फोनवर पाळत आहे त्यावरच नवा पासवर्ड टाइप करणे म्हणजे चोरासमोर नवे कुलूप लावणे. क्रम : आधी ईमेल, मग व्हॉट्सॲप, मग बाकीचे, कारण बाकी सर्वांचे पासवर्ड ईमेलवरूनच परत मिळवता येतात. अँड्रॉइडमध्ये हेरगिरीचे ॲप असेल तर ते बहुधा प्ले स्टोअरबाहेरून टाकलेले असते, प्ले प्रोटेक्ट (धोकादायक ॲप शोधणारी गूगलची तपासणी) बंद केलेले असते, आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ किंवा ‘डिव्हाइस ॲडमिन’ यादीत ‘सिस्टिम सर्व्हिस’सारख्या साळसूद नावाने ते बसलेले सापडते. दिसले की काढून टाकायचा मोह होतो. पण काढले की पुरावा जातो आणि ॲप टाकणाऱ्याला ते कळतेही. फोटो घ्या, फोन बंद करून बाजूला ठेवा, दुसरा वापरा. फॅक्टरी रीसेट तर मुळीच नको, आणि दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये तो फोन देऊ नका. बॅगेच्या अस्तरात किंवा स्कूटीच्या सीटखाली बटणाएवढा ट्रॅकर मिळणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बरेच आयफोन आणि अँड्रॉइड फोन अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याचा इशारा देतात. ट्रॅकर सापडला तर फेकू नका, त्याचा अनुक्रमांक नोंदवा आणि तो पोलिसांना द्या.

आणि मदतीला धावून येणाऱ्या मित्रमंडळींना दोन विनंत्या. संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलात म्हणून त्या अकाउंटमध्ये घुसण्याचा खटाटोप करू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तुमचाच गुन्हा ठरतो आणि पुरावाही डागाळतो. दुसरे म्हणजे मॉर्फ केलेला किंवा खासगी फोटो ‘बघा, याने काय केले’ म्हणून ग्रुपवर फिरवू नका. तो फिरवणे त्याच कायद्याच्या कलम ६७ किंवा ६७-अ मध्ये बसते, आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर असे चित्र साठवून ठेवणेही अंगाशी येते.

इथे कनिष्ठ महाविद्यालयांचे वेगळे सांगितले पाहिजे. अकरावी-बारावीची बहुतेक मुले अठरा वर्षांखालची असतात, आणि त्यांना पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा लागू होतो. लैंगिक हेतूने एखाद्या मुलाशी किंवा मुलीशी इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वारंवार संपर्क साधणे, पाळत ठेवणे हा कलम ११ खाली गुन्हा आहे. शिक्षा कलम १२ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत. यात मुलगा-मुलगी भेद नाही. आणि कलम १९ प्रमाणे हे कळलेल्या प्रत्येकावर, म्हणजे वर्गशिक्षक आणि प्राचार्यांवरही, पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘संस्थेचे नाव जाईल’ म्हणून दोन्ही पालकांना बोलावून चहा पाजून प्रकरण मिटवणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

अठरा वर्षांवरच्या मुलग्यांची मात्र अडचण होते. कलम ७८ मधला पाठलाग पुरुषाने स्त्रीचा केलेला, एवढाच आहे. मुलाचा पिच्छा मुलीने किंवा मुलाने पुरवला तर हे कलम लागत नाही. आमच्या मते ही कायद्यातली उघड त्रुटी आहे. ती दूर होईपर्यंत इतर कलमांचा आधार घ्यावा लागतो : ओळख किंवा पासवर्ड चोरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-क, बनावट नावाने फसवण्यासाठी ६६-ड, खासगी अवयवांचे चित्र काढणे वा पसरवणे यासाठी ६६-ई, धमकीसाठी न्याय संहितेचे ३५१, पैसे मागितले तर खंडणीचे ३०८. खासगी फोटोंवरून पैसे मागणाऱ्यांच्या जाळ्यात मुलगेही मोठ्या संख्येने सापडतात आणि ते सांगत नाहीत. पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते.

पोलिसांकडे जाताना दीड पानाचा अर्ज पुरे. भावना थोडक्यात, घटनाक्रम सविस्तर. सोबत वहीची झेरॉक्स, क्रमांक घातलेले स्क्रीनशॉट आणि पेन ड्राइव्हच्या दोन प्रती, एक त्यांना, एक आपल्याला. लिंका कागदावर असाव्यातच, पण पेन ड्राइव्हवर टाइप केलेल्याही हव्यात. इंग्रजी छोटा एल आणि मोठा आय, शून्य आणि ओ, एक अधोरेषा की दोन, यांत कागदावरून उतरवताना चूक झाली की कंपनी ‘असे अकाउंट नाही’ असे कळवते आणि महिना वाया जातो. सायबर ठाण्यातच जायला हवे असे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३ प्रमाणे कोणतेही ठाणे हद्द न पाहता गुन्हा नोंदवू शकते, मुलीची माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते, एफआयआरची प्रत मोफत मिळते, आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे लागली तर तपास निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो.

ठाण्यात नेहमी होते ती चूक अशी : ‘धमकी’ म्हणून एनसी (न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी अदखलपात्र नोंद) लिहून घेतली जाते आणि घरी पाठवले जाते. धमकीचा साधा प्रकार अदखलपात्र आहे, पण पाठलाग दखलपात्र आहे. कोणते कलम लावले हे तिथेच विचारावे आणि अर्जात कलम ७८ चा उल्लेख स्वतः करावा. नोंदच घेतली नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००. केंद्राच्या सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, पण निनावी तक्रारीचा पुढे मागोवा घेता येत नाही. तिथली पोचपावती म्हणजे एफआयआर नव्हे. १९३० हा क्रमांक प्रामुख्याने पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. कलम ७८ चा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत, पण जामीन त्याच दिवशी होऊ शकतो. आरोपी संध्याकाळी त्याच चौकात उभा दिसला की कुटुंब हादरते आणि तक्रार मागे घेते. म्हणून त्याच अर्जात चॅप्टर केसची, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्याची मागणी जोडावी. पुढचे काही दिवस मुलीने एकटीने ये-जा करू नये.

फोन जमा होईल ही धास्ती मुलींना गप्प बसवते. फोन द्यायची वेळ आलीच तर बॅकअप घ्यावा, सिम काढून घ्यावे, पंचनाम्यावर आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र क्रमांक) आणि हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, ती जराही बदलली की बदलणारा सांकेतिक आकडा) लिहिले आहे ना ते पाहावे. स्क्रीनशॉट न्यायालयात चालण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि त्यातही यंत्राची माहिती आणि हॅश मूल्य भरायचे असते. पूर्वीच्या ६५-ब प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या निकालात पक्की केली तो जालन्याच्या निवडणुकीचा, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. मूळ यंत्रच मालकाने साक्षीत हजर केले तर प्रमाणपत्राची गरज पडत नाही, असेही त्याच निकालात आहे. मूळ फोन सांभाळा असे आम्ही वारंवार म्हणतो त्याचे कारण हे.

फेक अकाउंट किंवा खासगी चित्र काढून टाकण्यासाठी पोलिसांची वाट पाहावी लागत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे नग्नता, लैंगिक कृती किंवा मॉर्फ केलेल्या चित्रासह तोतयेगिरी यांची तक्रार स्वतः बळीने किंवा तिच्या वतीने कोणीही केली तर कंपनीला ते दोन तासांत हटवावे लागते (फेब्रुवारी २०२६ पूर्वी ही मुदत २४ तासांची होती). मात्र पोस्टखालचे साधे ‘रिपोर्ट’ बटण पुरेसे धरू नका. कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, विषयात नियम ३(२)(ब) लिहा आणि लिंका द्या. उत्तर समाधानकारक नसेल तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत अपील करता येते. हटवलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची नोंदणी माहिती १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन कंपनीवर आहे. पोलिसांचे पत्र त्या मुदतीत गेले पाहिजे. खासगी चित्र पसरण्याची भीती असेल, अजून पसरले नसेल, तर ‘स्टॉप एनसीआयआय’ या संकेतस्थळावर आपल्याच फोनवर चित्राचा हॅश तयार होतो. चित्र कुठेही जात नाही, फक्त हॅश जातो, आणि सहभागी कंपन्या जुळणारे चित्र अडवतात. अठराखालच्यांसाठी अशीच ‘टेक इट डाउन’ सेवा आहे.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या महाविद्यालयांच्या अंतर्गत समित्या ‘हे फोनवर घडले, आवारात नाही’ असे म्हणून हात झटकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत लैंगिक छळाची व्याख्या शारीरिक, शाब्दिक आणि अशाब्दिक अशी आहे, ती फक्त प्रत्यक्ष स्पर्शापुरती किंवा समोरासमोरच्या प्रसंगापुरती नाही. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची आणि ९० दिवसांत चौकशी संपवायची. विद्यार्थ्यांच्या प्रकरणात समितीवर तीन विद्यार्थी सदस्य हवेत. चौकशी चालू असतानाच ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची तुकडी बदलणे, अंतर ठेवण्याची ताकीद देणे, आवारात प्रवेशबंदी करणे हे समितीला सुचवता येते. प्रत्यक्षात तुकडी बदलली जाते ती तक्रार करणारीची. तडजोड फक्त तिने मागितली तरच, आणि पैशांवर नाहीच. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष यांत भिंत नसते, याचे उदाहरण ओडिशा उच्च न्यायालयासमोर जानेवारी २०१७ मध्ये आले. एका विद्यार्थिनीला अश्लील मेसेज, बनावट फेसबुक खाते आणि तिच्या वसतिगृहाच्या भिंतीवर चिकटवलेली पत्रके, असे सगळे एकत्र होते. न्यायालयाने आरोपीला जामीन नाकारला.

शेवटी, नंबर जातो कुठून? ‘मुली फोटो टाकतात’ हे ठरलेले उत्तर आहे. आमचे उत्तर वेगळे आहे : नंबर बहुतेकदा महाविद्यालयातूनच जातो. प्रवेशाची यादी नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि मोबाइलसह फलकावर लागते आणि अर्ध्या तासात तिचा फोटो फिरतो. ऐंशी जणांच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होतो, त्यात प्रत्येकीचा नंबर प्रत्येकाला मिळतो. गॅदरिंगच्या गूगल फॉर्मची शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ दिसेल अशी ठेवलेली असते. फाटकाजवळच्या झेरॉक्सवाल्याला हॉल तिकीट आणि आधार व्हॉट्सॲपवर पाठवले जाते आणि ते त्याच्या संगणकावर वर्षभर पडून राहते. प्रयोगशाळेच्या संगणकावर जीमेल उघडे राहते ते वेगळेच.

प्राचार्यांना यासाठी अनुदान नको की इमारत नको. फलकावर नाव आणि बैठक क्रमांक पुरे, मोबाइल नको. वर्गाच्या सूचनांसाठी ग्रुपऐवजी व्हॉट्सॲप चॅनेल किंवा कम्युनिटीचा घोषणा-विभाग वापरावा, तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. गूगल शीट फक्त दोन शिक्षकांच्या खात्यांना उघडी असावी आणि कार्यक्रम संपला की काढून टाकावी. फाटकाजवळच्या दुकानांशी बोलून पेन ड्राइव्हवरून छपाईचा आग्रह धरावा. वायफायवर प्रत्येकाचे स्वतंत्र लॉगिन असावे, कारण हल्लीचे फोन आपला मॅक पत्ता (वायफायवर यंत्राची ओळख सांगणारा क्रमांक) बदलत राहतात आणि सामायिक पासवर्डवर कोण होते ते कळत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये संस्थांना १८० दिवसांच्या नोंदी ठेवायला आणि घड्याळे जुळवून घ्यायला सांगितले आहे, तेवढ्याच नोंदी महाविद्यालयानेही ठेवाव्यात. राउटरचे घड्याळ सात मिनिटे पुढे असेल तर पोलिसांच्या हाती दुसऱ्याच मुलाचे नाव जाते. आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे ज्या फलकावर लावली आहेत, तिथे निवृत्त झालेल्या बाईंचा नंबर अजून आहे का, तेवढे या आठवड्यात कोणाला तरी पाहायला सांगावे.

आपले,
महाविद्यालयांच्या अंतर्गत समित्यांबरोबर काम करणारे काही वकील आणि संगणक विषयाचे अध्यापक, पुणे
(नावे प्रसिद्ध करू नयेत ही विनंती)